धर्मशाळेमागचे तीन खड्डे

वीटभट्टीवाले चाँदभाई हिंगोलीत माझ्या दारी आले तेव्हा त्यांनी बैलही सोडले नाहीत. उंबऱ्याशी उभ्या उभ्याच म्हणाले, "बाई, सरूआक्का गेल्या. ताप डोक्यात चढला. आदल्या दिवशीबी पाटलासंगं भांडून राहिल्या होत्या." मी त्यांना पाणी दिलं. ते तांब्या हातात धरून बसले, प्याले मात्र नाहीत... निजामाचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते. हिंगोलीत जो तो नव्या राज्याच्या गोष्टी करत होता, आणि माझी थोरली बहीण ते राज्य धड पाहण्याआधीच गेली होती.

सेनगावच्या पुढे, बैलगाडीच्या वाटेनं, टेकडीवर महादेवाचं ठाणं आहे. चैत्रात तिथं जत्रा भरते. माझे मेहुणे पायथ्याची धर्मशाळा सांभाळत. ते गेले तेव्हा पाटलांनी आक्काला निरोप धाडला की आता जागा रिकामी करा. आक्कानं निरोप्याच्या देखत अंगण झाडायला घेतलं आणि म्हणाली, "मालक गेला, झाडू न्हाई गेला. सांग जाऊन." ती हलली नाही. तिचा आवाज मोठा होता, राग त्याहून मोठा. नातेवाईक तिला बिचकत. मीही बिचकत असे, पण दर चैत्रात तिच्या हाताखाली स्वयंपाकाला जायची ती माझ्या खुशीनं.

जत्रेत गाड्याच गाड्या येत. अंघोळी, भांडी, लेकरांची दुपटी-लंगोट, सगळ्याचं पाणी धर्मशाळेमागच्या नालीतून ओढ्यात जाई. चैत्रात ओढा कोरडा. खालच्या वस्तीतल्या बाया त्याच वाळूत झिरे खणून वाटीवाटीनं पाणी भरत, कारण गावाच्या विहिरीवर त्यांना पाय ठेवू देत नसत. जत्रा उठली की वस्तीत पटकीची साथ यायची. गाव म्हणायचं, देवाचा कोप. एका वर्षी वस्तीतल्या गयाबाईचा मुलगा गेला. ती जत्रेत आम्हाला सरपण आणून द्यायची, पोरगं तिच्या मागे मागे यायचं. आक्का तिला भेटायला गेली ती नालीच्या काठाकाठानं, आणि नाली जिथं संपली तिथंच गयाबाईचा झिरा होता. परत आली ती थेट नालीशी जाऊन बसली, अंधार पडेपर्यंत त्या पाण्याकडं बघत. आक्काला मी तशी कधीच पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी देवळात पंच बसले होते. आक्कानं नालीतलं पाणी तांब्यात भरलं आणि त्यांच्यापुढं नेऊन ठेवलं.

"सांडपाणी वळवा," ती म्हणाली.

पाटील म्हणाले, "देवाच्या दारचं पाणी हाय ते. पिढ्यान्‌पिढ्या तसंच चाललंय. तुला काहून तकलीफ?"

"देवाच्या दारचं हाय न्हवं? मंग घ्या तीर्थ. एकेक पळी घ्या, मी निमूट घरी जाते."

कुणी हात पुढं केला नाही. "आन् गयाबाईच्या लेकरानं प्यावं व्हय?" म्हणून तिनं तो तांब्या तिथंच, पायरीवर, पालथा केला.

मग तिनं स्वतःच खणायला घेतलं. आम्ही रंगाऱ्याच्या लेकी. रंगाचं पाणी खड्ड्यात निवळू द्यायचं, गाळ खाली बसू द्यायचा, एवढं आमच्या वडिलांच्या अंगणात पाहिलेलं. पण तेवढ्यानं भागलं नाही. पहिला खड्डा तुपाच्या चिकट्यानं तुंबला आणि अशी घाण मारू लागला की यात्रेकरू नाकाला पदर लावून शिव्या देत गेले. गाव हसलं. आक्कानं पुढल्या वर्षी एकाचे तीन केले. पहिल्यात गाळ बसायचा आणि तवंग वर यायचा, तो काढून घ्यायचा. दुसऱ्यात चाँदभाईंनी दिलेले विटांचे तुकडे आणि वाळू. तिसऱ्यात वाळूत लावलेले लव्हाळे. तिथून निघालेलं पाणी ओढ्याकडं न जाता केळीच्या बुडाशी. वस्तीतली माणसं खणायला आली, गयाबाई सगळ्यांत पुढं.

ऐन जत्रेत पाटलांनी माणसं लावून पहिला खड्डा बुजवला. आक्कानं धर्मशाळेच्या चुलीत पाणी ओतलं आणि दारात बसली. "खड्डा मोकळा झाल्याबिगर चूल पेटायची न्हाई." भुकेली माणसं तिच्यावर ओरडली, मग कारण कळल्यावर पाटलांवर ओरडली. दुपार टळायच्या आत पाटलांच्याच माणसांनी खड्डा उकरून दिला. त्यानंतरच्या जत्रा वस्तीनं रडल्यावाचून काढल्या. पटकी देशातून गेली असं मी म्हणत नाही. पण जत्रेच्या मागोमाग ती त्या झिऱ्यांवर यायची, ती यायची थांबली.

यंदा राज्य बदललं, तशी पाटलांनी टोपी बदलली. कुणी पुढारी येणार म्हणून खड्डे बुजवून तिथं ओटा बांधायचा त्यांचा बेत. आक्का तापानं फणफणलेली, घोंगडी पांघरून दारात आली. "राज नवं असंल पाटील, पोटं तीच हायती. ओटा तुमच्या वाड्यापुढं बांधा." ते तिचं शेवटचं भांडण. रात्रीत ती गेली.

दिवसकार्याला मी गेले तेव्हा पाटलांनी खड्डे बुजवायला माणसं लावलीच होती, आणि तीही वस्तीतलीच. त्यांनी टोपल्या आणल्या, मातीही आणली, आणि ती पाटलांच्या देखत लव्हाळ्यांच्या खड्ड्याच्या बांधाला घातली. बांध पावसानं खचला होता, तो नीट केला आणि टोपल्या उलट्या करून त्यांच्यावर बसून राहिली. पाटील बोलून बोलून थकले आणि निघून गेले.

मग धर्मशाळेच्या किल्लीचा प्रश्न आला. पंचांनी मला विचारलं, आता इथं कोण राहणार? मी किल्ली गयाबाईच्या कमरेला खोचली. "बाटली धर्मशाळा!" कुणीतरी ओरडलं. माझा आवाज आक्काएवढा मोठा नाही, तरी तो त्या दिवशी देवळापर्यंत पोचला. "ज्याला बाटायची भीती वाटते, त्यानं जत्रेत उघड्यावर झोपावं," मी म्हणाले.

आक्काच्या खोलीत अजून मिसरीचा वास येतो. खुंटीला तिचं घोंगडं आहे, आणि दाराशी तवंग काढायचा तिचा लांब दांड्याचा झारा. मी निघाले त्या सकाळी गयाबाई पहिल्यांदाच त्या उंबऱ्याच्या आत आली. क्षणभर थबकली... मग तिनं झारा उचलला आणि मागच्या दारानं खड्ड्यांकडं गेली.