बाळारामशेठच्या घोड्याचं बाळंतपण

खाऱ्या पाण्यातले मासे घरात पाळायला लागलं की मासे किती टिकतील ते सांगता येत नाही, किस्से मात्र ढिगाने जमतात. आणि ऐकणारे ज्या किश्श्याला पोट धरून हसतात ना, तो घडताना मी रागाने नुसती धुमसत असते. आज सांगतानाही धुमसणार आहे, आधीच सांगून ठेवते.

आमचं टोळकं तिघांचं. मी पनवेलच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. पेडणेकर तळोज्याच्या एका केमिकल फॅक्टरीत लॅब सांभाळतो. आणि तिसरे उलव्याचे बाळारामशेठ, ज्यांची भातशेती विमानतळात गेली आणि बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर ज्यांनी चार मजली घर बांधलं.

*

पेडणेकर म्हणजे पाण्याचा थेंब न थेंब तपासणारा माणूस. तरी त्याच्या टाकीतली रंगीत कोळंबी एकेक करून मरायला लागली. त्याने मीठ बदललं, फिल्टर बदलला, खिडक्यांच्या फटी बुजवल्या. शेवटी जाहीर केलं की हे तळोज्याच्या हवेतलं पोल्यूशन आहे. आणि जाऊन कोणाशी भांडला? स्वतःच्याच फॅक्टरीतल्या साहेबाशी!

एका रविवारी सकाळी मी त्याच्याकडे गेले. त्याचे सासरे राहायला आले होते. आंघोळ करून बाल्कनीत सूर्याला अर्घ्य देत होते. अर्घ्य झालं, आणि तांब्याच्या गडूत उरलेलं पाणी त्यांनी आत येऊन शांतपणे टाकीत ओतलं. रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी! तांबं म्हणजे कोळंबीला सरळ विष. मी किंचाळलेच.

सासरे दुखावले. म्हणाले, "अहो, हेच पाणी मी रोज पेलाभर पितो. मला काही झालंय का?"

पेडणेकर माझ्या कानाशी पुटपुटला, "तोच तर प्रॉब्लेम आहे."

*

माझ्या घरी येणारा पाहुणा टाकीसमोर उभा राहिला की पहिला प्रश्न ठरलेला: "हा खायला कसा लागतो?" त्याची आता सवय झाली. पण कामोठ्याच्या माझ्या नणंदबाईंनी हद्द केली. मी चहा टाकायला आत गेले तेवढ्यात त्यांनी कणकेच्या गोळ्या करून टाकीत सोडल्या. तळ्यावर माशांना घालतात तशा, भक्तिभावाने. टाकीभर पांढरं गढूळ पाणी.

"मुक्या जिवाला घास घातला, पुण्य लागतं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "वन्सं, पुण्य तुम्हाला आणि बादल्या मला, हा कुठला हिशोब?"

त्या अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. न बोलू देत.

*

मला बटरफ्लाय मासा हवा होता. पिवळाधमक, डोळ्यावरून काळी पट्टी, बघत राहावं असा. पण यातले बरेचसे फक्त जिवंत प्रवाळ कुरतडून जगतात, दुसऱ्या कशाला तोंड लावत नाहीत. म्हणून दुकानदाराला खोदून खोदून विचारलं. "सगळं खातो, मॅडम. घरच्यासारखा आहे."

घरी आणला. कोळंबीचा कीस दिला, शिंपल्यातलं मांस दिलं, मिनतवाऱ्या केल्या. पठ्ठ्याने ढुंकून पाहिलं नाही. पोट खपाटीला गेलं आणि एक दिवस मेला. मला रडू आलं आणि रडण्यापेक्षा संताप जास्त आला. तडक दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला धू धू धुतला.

तो शांतपणे दुसरी पिशवी पुढे करत म्हणाला, "मॅडम, हा घेऊन जा. याने इथे आल्यापासून काही खाल्लेलं नाही. कडकडून भूक लागली असेल, घरी गेल्या गेल्या खाईल."

*

आता बाळारामशेठ. नव्या घराच्या हॉलमध्ये त्यांनी भिंतभर टाकी बसवली. आम्हाला बघायला बोलावलं. बघते तर बटरफ्लाय माशांचा थवा आणि त्याच पाण्यात समुद्रघोड्यांची जोडी. माझं डोकंच फिरलं. समुद्रघोडा बिचारा सावकाश, शेपटीने काडीला धरून बसणारा. त्याच्या तोंडासमोर घास येईपर्यंत बटरफ्लाय तो पळवून मोकळे. आणि घोड्यांच्या जोडीतल्या एकाचं पोट टम्म फुगलेलं. पिल्लं होणार होती.

मी म्हटलं, "शेठ, एक तर हा प्राणी घरात ठेवायला कायद्याने बंदी आहे."

शेठ म्हणाले, "मॅडम, आमची जमीन पन कायद्यानंच गेली. कायद्याचा तुमी मला नका सांगू."

पण दुसरी गोष्ट मी सोडली नाही. "हे बटरफ्लाय आजच्या आज बाहेर काढा. नाहीतर पिल्लं बाहेर आली की एकूण एक गिळतील."

"वास्तुशांत होऊं दे. मंग काढतो. लोकांना रंग दिसाया नको?" दर वेळी हेच. मी फोन करून करून थकले. पेडणेकर रिकामी टाकी द्यायला तयार होता, तीही नको.

*

मधेच एकदा गेले तर टाकीसमोर पाट, रांगोळी, पाच सुवासिनी. शेठच्या आईने पोटुश्या घोडीचं डोहाळजेवण मांडलं होतं! नारळ, ब्लाउजपीस, तांदूळ, आणि हळदकुंकवाची चिमूट थेट पाण्यात. मी चप्पल न काढता धावले आणि आईंचा हात धरला.

"आई, पाण्यात काही टाकू नका. आणि ती घोडी नाही. यांच्यात पिल्लं नर वाढवतो. हे पोट नराचं आहे."

शेठच्या बायकोने विचारलं, "मंग आता? ओटी तर मांडली."

आईंनी टाकीकडे नीट पाहिलं. मग पाटावरचा ब्लाउजपीस उचलला आणि कपाटातून टॉवेल-टोपी आणून तिथे ठेवली.

*

वास्तुशांतीच्या दिवशी व्हायचं तेच झालं. होम पेटलेला, हॉल पाहुण्यांनी भरलेला, आणि नराला कळा सुरू झाल्या. एकेक आचका देत तो जिऱ्याएवढी पिल्लं बाहेर टाकत होता. तशीच हुबेहूब, घोड्याच्या तोंडाची. आणि बटरफ्लाय ती टिपत होते.

लोक टाळ्या वाजवत होते. "काय टिपतोय बघ!" सगळ्यांचे मोबाइल हवेत. मी जाळी घातली तर मासे खडकांत पळाले. "लाइट बंद करा," मी ओरडले. अंधारात बटरफ्लाय शिकार करत नाहीत, गप्प पडून राहतात.

शेठनी माझा हात अडवला. "मॅडम, पाच मिन्टं. विमानतलाचे मोठे साहेब गेटवर आलेत. त्यांना दिसूं दे."

मी त्या भरल्या हॉलमध्ये शेठना काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. कोणी ऐकलंही नाही.

तेवढ्यात गर्दी ढकलत आई आल्या, खांद्यावर जाड गोधडी. त्यांनी टाकीच्या लाइटचं बटण बंद केलं आणि गोधडी काचेवरून खाली सोडली.

"बालंतपन हाय, तमाशा नाय. सगले बापये भायेर. हितं बाप्याचा काम नाय."

साहेब उंबऱ्यावरूनच मागे फिरले. भटजी पळी घेऊन उठले. आत मी, आई आणि बाकीच्या बायका उरलो. शेठ दारात चुळबुळत म्हणाले, "अगो आये, जो बालंत व्हतोय तो पन बाप्याच हाय."

आईंनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"त्याला हितं ऱ्हाऊं दे. तू भायेर."