राहू दे गं बाई

"यू आर ग्रँड, लव्ह. आय'ल वेट फॉर वन ऑफ अवर ओन."

२०११ साल. डब्लिनच्या बाहेर एका सरकारी हॉस्पिटलात मी ज्युनियर डॉक्टर होते. रक्त घ्यायला गेले तर त्या आयरिश म्हाताऱ्याने हात पांघरुणात ओढून घेतला. इकडे 'ग्रँड' म्हणजे भव्य नाही. 'राहू दे, नको' हे गोड करून सांगायचं असलं की ग्रँड म्हणतात. मी गिळलं. सवय होती.

शेजारच्या खाटेवर पुण्याच्या आजी. लेकाकडे आलेल्या, न्युमोनिया झालेला. लेक इंजिनिअर. तो ताडकन उठून नर्सकडे गेला. "दिस इज रेसिझम! शी इज अ डॉक्टर!" नर्सने म्हाताऱ्याला दटावलं. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. परमुलखात आपलं माणूस माझ्यासाठी भांडलं होतं.

मग त्याने माझा बॅज वाचला.

"हे तर वडिलांचं नाव झालं. आडनाव?"

बॅजवर मी माझं आणि बापाचं नाव एवढंच छापून घेतलं होतं. गोऱ्यांना बापाचं नावच आडनाव वाटायचं. मेडिकल कॉलेजात सगळी वर्षं मला 'कोटा' म्हणून हाक मारली गेली. इथे तरी सुटले, असं वाटलेलं. पण मराठी माणसाचं नाक! सांगितलं आडनाव.

"अच्छा. वडील काय करायचे?"

"बँकेत अधिकारी."

"मग तुम्हाला कशाला हवी होती रिझर्व्ह्ड सीट? इथे बघा, गरीब घरच्या मुलांना कमी मार्कांवर मेडिकलला घेतात. परिस्थिती बघतात, जात नाही. राग मानू नका हं, जनरल बोलतोय."

आई समोर तापाने फणफणलेली, आणि हा माझी ॲडमिशन रद्द करत बसला होता.

माझ्या बापाला अधिकाऱ्याचा पगार होता. तरी आम्ही आडनाव सांगितलं की रिकामी खोली कालच भाड्याने गेलेली असायची. कॉलेजात मी गप्प बसले होते. त्या दिवशी नाही बसले.

"त्या म्हाताऱ्यापेक्षा तुमचा पगार जास्तच असेल," मी म्हणाले. "मग त्याचं बोलणं तुम्हाला का झोंबलं? तुमच्या पैशाने तुमचा रंग पुसला गेला नाही. माझ्या बापाच्या पगाराने आमची जात कशी पुसली जाईल?"

"तो विषय वेगळा आहे," तो म्हणाला आणि फोनमध्ये तोंड खुपसून बसला.

मी सुई घेऊन आजींकडे वळले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी हात पांघरुणात ओढून घेतला.

"राहू दे गं बाई. दुसरी डॉक्टर नाही का?"

लेकाने ऐकलं. या वेळी तो नर्सकडे गेला नाही.

समुद्र ओलांडला की सुटका होते, ही माझी समजूत त्या खाटेपाशी मेली. यांच्या पोरांचे पगार वाढतील, नातवंडं आयरिश हेल काढून बोलतील, आणि आडनाव तरीही विचारतील. मी दुसऱ्याच दिवशी बॅज बदलून घेतला. आडनावासकट. त्याने काहीही सुधारलं नाही. मराठी पेशंट आधी बॅज वाचतात, मग हात द्यायचा की नाही ते ठरवतात.

वाचू देत. आजींना तेव्हा जे सांगितलं तेच त्यांनाही सांगते.

"दुसरी नाही, आजी. मीच आहे."