आयर्लंडच्या गाड्यांवर बासरी

मंगळवारी सकाळी माझा नवरा बहारीनमधल्या सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग बोर्डासमोर उभा होता. तो खाली बसला. त्याला इस्पितळात नेलं. दुपारी एक वाजता मला सांगण्यात आलं की तो गेला.

पुढचे तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं आणि तेरा दिवस मला मळमळत होतं. एसीसाठी खिडक्या बंद. फ्रिजमध्ये लोकांनी आणलेले डबे एकावर एक, कुणाच्या डब्यावर कुणाचं झाकण. मसालेभात, उदबत्ती आणि परक्या अंगांना मारलेलं अत्तर यांचा मिळून एक वास तयार झाला होता. तो उशीच्या अभ्र्यालासुद्धा येत असे. एक बाई माझा हात हातात घेऊन रडल्या आणि त्याच दमात म्हणाल्या, "आता व्हिसाचं कसं गं? तो त्याच्यावरच असणार ना तुझा?" त्यांच्या ओठाच्या कडेला खोबऱ्याचा कण चिकटला होता. त्यांचं नाव मला आज आठवत नाही. तो कण आठवतो.

बहारीनला रेल्वे नाही. तरीही आमच्या मनामाच्या फ्लॅटमध्ये चार वर्षं रेल्वेशिवाय दुसरा विषय नव्हता, तोही आयर्लंडच्या रेल्वेचा. त्याचं असं झालं. नवऱ्याच्या वर्कशॉपमध्ये एक आयरिश इंजिनियर होता. त्याच्या टेबलावर एक जुना फोटो असायचा: ओसाड दलदलीतून जाणारं एक छोटं इंजिन आणि मागे काळ्या विटांनी भरलेल्या मालाच्या वाघिणी. नवऱ्याने पहिल्याच दिवशी त्याला विचारलं, "याचा गेज किती? दोन रुळांत तीन फूट का?" तो माणूस खुर्चीतून उठून उभाच राहिला. पगार, उकाडा आणि दारू याखेरीज आखातात आपल्याला कुणी काही विचारलं नव्हतं, असं तो नंतर माझ्यापाशी म्हणाला.

त्याचे वडील रेल्वेच्या एका फाट्यावर फाटकवाले होते. काकांकडे लहानसा सिनेकॅमेरा होता. तिकडचे छोटे लोहमार्ग एकेक करून बंद पडत गेले तेव्हा काकांनी शेवटच्या दिवसांतल्या गाड्या टिपून ठेवल्या. इंजिनियरने त्या फिल्म व्हिडिओ कॅसेटवर उतरवून घेतल्या आणि रजेवरून येताना तीन कॅसेटी घेऊन आला. विमानतळावर त्या तपासणीसाठी ठेवून घेतल्या आणि पंधरा दिवसांनी परत दिल्या. नवऱ्याला त्याचाही आनंद झाला. म्हणाला, "चला, सरकारी खात्यातल्या एका माणसाने तरी तीन कॅसेटभर आयर्लंड पाहिलं. बिचारा काहीतरी वाईटसाईट सापडेल म्हणून शेवटपर्यंत बसला असणार."

इंजिनियरची बहीण तिकडच्या एका गावात म्हाताऱ्या माणसांकडून जुने फोटो गोळा करायची. हे फोटो टपालाने इकडून तिकडे फिरत. मागे प्रश्न लिहिलेले असत: हे कुठलं स्टेशन? हा डाव्या बाजूचा माणूस कोण? माझा नवरा त्या वर्तुळात शिरला. तो कॅसेटींच्या प्रती काढायचा, फोटोंचे फोटो काढायचा आणि फिल्म थांबवत थांबवत स्टेशनांचे नकाशे आखून पाठवायचा. आयर्लंड त्याने पाहिलं नव्हतं. त्याच्या स्वतःच्या गावात, रत्नागिरीच्या बाजूला, तोवर गाडी आलेली नव्हती. गावामागचा डोंगर रेल्वेसाठी कापायला घेतला होता, त्याचं कात्रण त्याने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. मित्र चिडवत, "अरे, तुझ्या गावात अजून एसटी वेळेवर येत नाही, आणि तू आयर्लंडचं टाइमटेबल पाठ करतोस!"

फिल्म मुक्या होत्या. आमच्या व्हीसीआरला चित्र तसंच ठेवून नुसता आवाज भरायची सोय होती. एक बटण दाबायचं आणि माईकमध्ये बोलायचं. आमची मुलगी तेव्हा सात वर्षांची, इंग्रजी शाळेत. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीतच. तिच्या कानावर मराठी पडावी म्हणून नवऱ्याने घरात राहणाऱ्या तिन्ही कॅसेटींवर स्वतःचा आवाज भरला. बाहेर पाठवलेल्या प्रती मुक्याच होत्या. गुरुवारी तिकडे अर्धी सुट्टी, तेव्हा दुपारी तो माईक घेऊन टीव्हीसमोर मांडी घालून बसायचा.

मी तेव्हा बेडरूमचं दार लावून वाचत असे. हे मला लिहिलं पाहिजे. दाराआडून त्याचा आवाज पाण्याच्या पंपासारखा येत राहायचा, शब्द कळायचे नाहीत, आणि मला तो नकोसा व्हायचा. दोनच गोष्टी कानावर आल्या होत्या. एक, आयर्लंडचे मोठे रूळ आपल्या मोठ्या रुळांपेक्षा तीन इंचांनी अरुंद असतात. दुसरी, वाघिणीतल्या त्या काळ्या विटा म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती, "आपण गोवऱ्या जाळतो ना, तशी ते ही जाळतात."

एकदा मी म्हणाले, "अरे, सात वर्षांच्या पोरीला इंच कसले सांगतोस?"

"मग काय, राजाराणी सांगू? ते खातं तुझं. कपाट भरलंय."

"बरं बाबा. मी नंतर ऐकेन सगळं."

"ऐकशील तेव्हा परीक्षा घेणार."

तो गेल्यावर मी त्या कॅसेटींना हात लावला नाही. घर रिकामं झालं की ऐकायच्या, पहिलीपासून, ओळीने, असं ठरवलं होतं. त्या तेरा दिवसांत मी उभी राहिले ती एवढ्याच एका गोष्टीवर. त्याचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

चौदाव्या दिवशी भाऊजी आले. हे नवऱ्याचे मित्र, पुण्याचे, बँकेत अकाउंटंट. गणपतीचा कार्यक्रम असो की कुणाला विमानतळावर सोडायचं असो, पुढे तेच. नवऱ्याला ते दादा म्हणत. इस्पितळातली सगळी धावपळ, दहनाचे सगळे कागद त्यांनीच केले होते. म्हणाले, "वहिनी, शुक्रवारी आमच्याकडे रिफाला सगळ्यांना बोलावतोय. नुसती भाषणं नकोत. दादांच्या त्या रेल्वेच्या फिल्म दाखवू. तुम्ही काही करायचं नाही. फक्त येऊन बसायचं."

मी कॅसेटी पिशवीत घालून दिल्या. वर "थँक्यू" म्हणाले.

शुक्रवारी त्यांच्या बंगल्याच्या हॉलमध्ये तीसेक माणसं होती. नवऱ्याच्या फोटोला हार. बाजूला समोसे आणि कोथिंबीर वड्या झाकून ठेवलेल्या, पण वास झाकलेला नव्हता. आयरिश इंजिनियर टाय लावून आला होता आणि बूट काढून, पाय कुठे ठेवावेत हे न कळून सतरंजीच्या टोकाला बसला होता. भाऊजींनी हात जोडून चार वाक्यं सांगितली आणि टीव्ही लावला.

इंजिन आलं, आणि बासरी सुरू झाली.

मला आधी वाटलं, ही सुरुवात असेल. आता थांबेल. एक स्टेशन गेलं, दुसरं गेलं. फाटकवाल्याने फाटक उघडलं, बंद केलं. बासरी चालूच. हॉटेलच्या लिफ्टमध्ये लावतात तसली, कुणाचंही दुःख चालेल अशी.

मुलगी माझ्या मांडीवरून उठली. "बाबा इज नॉट टॉकिंग," ती म्हणाली.

"श्श, बाळा."

"ही टॉक्स हिअर. व्हॉल्यूम इज लो." आणि ती सरळ टीव्हीपाशी गेली आणि बटण दाबत राहिली. बासरी मोठी झाली. आणखी मोठी झाली. लोकांना वाटलं पोर गोंधळली आहे. एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. भाऊजींनी तिला कडेवर घेतलं, आवाज कमी केला आणि तिच्या हातात वडी दिली. तिने ती मुठीत धरून ठेवली, कुस्करा होईपर्यंत.

कॅसेट शेवटाला पोचायच्या आतच त्यांनी बंद केली, कारण खाणं गार होत होतं. मग लोक बोलायला लागले.

"किती शांत वाटलं, नाही?"

"मला तर वाटलं, दादाच त्या गाडीत बसून निघालेत."

"गाडी बोगद्यात शिरली ना, तेव्हा भरूनच आलं हो."

तो बोगदा नव्हता. मालधक्क्याची शेड होती. नवऱ्याने तिचा नकाशा दोनदा काढला होता, एकदा खांब चुकले म्हणून. मी त्या बाईंच्या ओठांकडे पाहत होते. सगळेच चावत होते, आणि सगळ्यांचे डोळे ओले होते, दोन्ही एकाच चेहऱ्यावर. भाऊजी समोर येऊन उभे राहिले. "बरं झालं ना, वहिनी?"

मी म्हणाले, "छान झालं."

त्या संध्याकाळी मी तिन्ही कॅसेटी लावून पाहिल्या. पहिलीवर बासरी. दुसरीवर बासरी. तिसरीवर तिचा पहिला सूर आला आणि मी बंद केली.

दुसऱ्या दिवशी त्यांना फोन केला. "भाऊजी, कॅसेटींवर त्याचा आवाज होता."

"हो हो, होता ना. ऐकला मी. म्हटलं, सगळ्यांसमोर एकदम आवाज आला तर वहिनींना सहन व्हायचं नाही. शिवाय मध्ये मध्ये खोकला होता, फ्रिजची घरघर होती. क्वालिटी नव्हती. आणि निम्मे लोक मल्याळी, तो आयरिश. मराठी कुणाला कळणार? म्हणून वर बासरी भरली."

"प्रतीवर केलंत की मूळ कॅसेटवर?"

"प्रत काढायला दुसरा व्हीसीआर लागतो, वहिनी. वेळ कुठे होता? पण चित्राला धक्का लावला नाही हां मी. चित्र आहे तस्सं आहे. दोन रात्री बसून केलं."

दोन रात्री. त्या माणसाने दोन रात्री बसून, आपल्या व्हीसीआरच्या तसल्याच बटणावर बोट ठेवून, मित्राचा आवाज मिनिटामिनिटाने पुसला होता, आणि पुसताना त्याला खरोखर रडू आलं असणार. याचीच मला शिसारी येते, अजूनही. दुष्ट माणसाला शिव्या देता येतात. संध्याकाळी त्यांच्या बायकोने ड्रायव्हरबरोबर शिऱ्याचा डबा पाठवला. तो मी संडासात ओतला, डबा घासून परत केला आणि वर चिठ्ठी ठेवली: आवडला.

भाऊजींनी त्या बासरीवाल्या फिल्मच्या प्रती काढून आठवण म्हणून घरोघरी वाटल्या. एक इंजिनियरने बहिणीला पाठवली. दीड महिन्याने तिचं पत्र आलं. गावच्या सभागृहात सत्तर-ऐंशी वर्षांच्या माणसांना ती दाखवली होती. जुने ड्रायव्हर, गार्ड आले होते. सगळ्यांना फार आवडली. संग्रहातली यादी त्यांनी नव्याने केली होती आणि त्यात माझ्या नवऱ्याचं नाव आदराने घातलं होतं. बासरीवादक म्हणून.

माझ्या नवऱ्याला साधी शीळ घालता येत नव्हती.

पत्र घेऊन मी इंजिनियरकडे गेले. त्याला सगळं सांगितलं. फिल्मवर आवाज होता हेच त्याला ठाऊक नव्हतं. तो पांढरा पडला. मग हळूच म्हणाला, "पण चित्रं सुरक्षित आहेत. मूळ फिल्म घरी आहेत. मी तुम्हाला नव्या कॅसेटी मागवून देतो."

मी म्हणाले, "चित्रं मला कधीच नको होती." आणि मग मला माझीही किळस आली, कारण ते खरं होतं, आणि आवाजही मला कुठे हवा होता, जेव्हा तो दाराच्या पलीकडे होता?

त्याने बहिणीला दुरुस्ती कळवली. तिने उत्तर पाठवलं की वाईट वाटलं, पण लोकांना संगीताची सवय झाली आहे. यादीतलं नाव बदललं का, ते मी विचारलं नाही.

मुलीची वार्षिक परीक्षा होईपर्यंत कंपनीने आम्हाला राहू दिलं. सामान बांधायच्या आठवड्यात मी बेडरूममध्ये पुस्तकं खोक्यात भरत होते. बाहेर मुलगी टीव्ही लावून बसली होती. तिसरी कॅसेट. बासरी ऐकू येऊ नये म्हणून मी दार लावून घेतलं. बराच वेळ गेला. मग बासरी थांबली, आणि दाराआडून पाण्याच्या पंपासारखा आवाज आला.

भाऊजींच्या बासरीची ऑडिओ कॅसेट या तिसऱ्या फिल्मपेक्षा आखूड होती; पहिल्या दोन तिच्यात मावल्या होत्या. तिची बाजू संपली तिथे त्यांनी बटण सोडलं होतं. पुढे राहिलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि मीही नव्हतं. मी दार उघडेपर्यंत ते संपलं. मुलगी म्हणाली, "सी? आय टोल्ड यू." आणि कॅसेट मागे घेतली.

फिल्ममध्ये एक रिकामा फलाट दिसतो. नवरा सांगतो की हे स्टेशन कुठलं ते कळत नाही. पाटी आहे, पण वाचता येत नाही. मग खोकतो. "थांब हां. बेंच दोन आहेत. दिवा एक. विचारून सांगतो तुला." फ्रिजची घरघर येते. आणि तिच्यामागून, बंद दाराआडून, एक बाई ओरडते, "हळू बोल ना रे जरा, वाचतेय मी!"

व्हीसीआर केव्हाच गेला. तेवढा तुकडा मी डिस्कवर उतरवून घेतला आहे. तो दीड मिनिटाचा आहे. त्यात त्याची सात वाक्यं आहेत आणि माझं एक.