शेजारचं पाणी

जुना बंगला दाखवायला नेलं की आमचा एजंट आधी शेजारच्या घरी प्यायला पाणी मागायचा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून तांब्या कसा पुढे येतो यावरून तो गल्ली ओळखायचा. "भिंती दुरुस्त होत्यात की. शेजार होत न्हाय," म्हणायचा.

परवाचा बंगला मला फार आवडला. पण त्यानं कुठंच पाणी मागितलं नाही. मी आठवण करून दिली, तेव्हा त्यानं खिशातून किल्ली काढून शेजारचं फाटक उघडलं आणि स्वतःच तांब्या भरून आणला.

"हितं मी एकटाच ऱ्हातो. बाकीची घरं बंद हायत, पोरं पुण्याला गेली. तुमी नका घेऊ हा बंगला."

पाणी पिऊन मी तांब्या परत पुढे केला. त्यानं तो घेतला नाही.

"अजून थोडं प्या की," म्हणाला.