न जुळणाऱ्या लहरी

घण लोखंडी ताटलीवर आदळला, की त्याचा नाद कानांआधी तळपायांना कळायचा. पौषातलं कोवळं ऊन, निमोण्याच्या माळावरचा गार वारा, ओल्या कांदापातीचा उग्र दरवळ आणि जमिनीत खोल उतरत जाणारा तो गंभीर हुंकार! शिरूरच्या महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवताना फळ्यावर खडक रंगवण्यात माझी अर्धी हयात गेली. पृथ्वी अशी प्रत्यक्ष उत्तर देते, हे मात्र मला तेव्हा प्रथमच उमगलं.

प्रश्न वस्तीच्या पिण्याच्या पाण्याचा होता. एकच बोअर मंजूर झाला होता. तो कोरडा गेला, तर बायकांच्या डोक्यावरचा हंडा काही उतरणार नव्हता. आमच्याकडचा काळा पाषाण मोठा कृपण, पाणी राखतो ते फक्त भेगांत. म्हणून विहिरी खोदण्यात केस पिकवलेले रशीदमामा घण घालायचे, वस्तीतल्या आप्पांच्या कांद्याच्या रानात ओळीनं रोवलेले, जमिनीची थरथर टिपणारे जिओफोन परतणाऱ्या लहरी ऐकायचे, आणि त्या लहरी मी घरच्या नव्या संगणकावर, सायबर कॅफेतून सीडीवर आणलेल्या एका फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायची. त्याचं गणित किती साधं! शेजारच्या लहरी एकमेकींशी जुळल्या तर खडक अखंड. जिथं जुळल्या नाहीत, तिथं भेग. माणसांत जे न जुळणं आपण अशुभ मानतो, त्यावरच इथं साऱ्या वस्तीची तहान भागायची होती, हे केवढं नवल!

आणि एके दिवशी पडद्यावर रेघ उमटली, काळीभोर, सरळसोट. भेग सापडली, असं मी हर्षभरानं साऱ्या गावाला सांगून मोकळी झाले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय! रशीदमामांनी मात्र पडद्यावरच्या रेघेवरून बोट फिरवलं. "मॅडम, खडक कवा इतका सरळ फुटतो व्हय? ह्यो तर आप्पांच्या कांद्याचा बांध हाय." मग अडखळत म्हणाले, "तुम्ही चहाला गेलता, तवा आप्पा म्हनले पात तुडवू नका. म्हून ते फोन जरा बांधावर सरकवले. तुम्हाला वाईट वाटंल म्हून बोललो न्हाई."

संगणकाला जिओफोनच्या जुन्याच जागा ठाऊक होत्या, म्हणून बांधावरच्या लहरी शेजारच्यांशी जुळल्या नव्हत्या. मला राग आला, आणि त्याहून अधिक स्वतःची लाज वाटली. मामांनी एकेका जिओफोनची खरी जागा सांगितली, मी सारं गणित पुन्हा मांडलं. सरळ रेघ विरून गेली. तिच्या जागी एक पुसट, वेडीवाकडी रेघ आली, ती नेमकी कांद्याच्या मधोमध.

आप्पांकडे मी भीतभीतच गेले. एवढ्याशा रेघेसाठी कुणी उभं पीक का द्यावं? त्यांनी एवढंच विचारलं, "पानी लागंल का?" खोटं बोलवेना. "खात्री नाही," मी म्हणाले.

बोअरची गाडी आली, तेव्हा आप्पा स्वतः वाकून अर्धेकच्चे कांदे उपटत होते आणि रशीदमामा शेजारी बसून जुड्या बांधत होते. दुपारी भोकातून उडणारा फुफाटा काळवंडला, त्याचा चिखल झाला आणि मग पाणी उसळलं. मी सगळ्यांदेखत रडले.

ती पुसट रेघ आज कुणाला दाखवली, तर चटकन दिसतही नाही. आप्पांनी तर ती कधी पाहिलीच नव्हती. माझ्या 'खात्री नाही' एवढ्या दोन शब्दांवर त्यांनी आपलं रान मोकळं केलं होतं.