घोड्यावरचा आमचा

गहिनीनाथ मास्तर निवृत्त झाले आणि पूर्वजांच्या मागे हात धुऊन लागले. वंशावळ खापरपणजोबांपर्यंत आली आणि अडली. त्यापलीकडे घरात एकच गोष्ट चालत आलेली: मूळपुरुष कुठल्याशा फौजेबरोबर घोड्यावरून आला, इथे लढला नि इथेच राहिला. सुप्याजवळच्या त्यांच्या गावाबाहेर एक वीरगळ होता, लढाईत पडलेल्या कुणाची तरी कोरीव शिळा. शेंदराच्या पुटांतून घोडेस्वार तेवढा ओळखू यायचा. धुळवडीला तिथला नैवेद्य मास्तरांच्याच घरचा. आणखी पुरावा काय हवा? आपण काढतोय त्या भावकीच्या पुस्तकात पहिल्या पानावर त्याचाच फोटो, असं मास्तर छाती फुगवून सगळ्यांना सांगून बसले होते.

फोटो नीट यावा म्हणून गावाला विचारून मास्तरांनी आणि पुतण्या रविराजने एका सकाळी शेंदूर काढला. घोड्याच्या टापांखाली ढाल धरलेला एक माणूस निघाला. वरच्या पट्टीत अप्सरा ज्याला स्वर्गात नेत होत्या, तोही हाच. तोच अंबाडा, तीच कुंडलं. मास्तरांची हयात चित्रकला शिकवण्यात गेलेली, त्यांना सांगायला कुणी लागलं नाही. अप्सरा ज्याला नेतात, शिळा त्याचीच; म्हणजे ही पायदळातल्या त्या माणसाची होती. घोडेस्वाराने त्याला मारलं होतं.

मास्तर तडक बनुबाईंकडे गेले. नव्वदीच्या चुलतीला यात नवल वाटलंच नाही.

"निवद दाखवताना टोपी काढून त्याच्या पायाशी ठेवतोस ना? आपल्या पितरापुढं कुनी असं करतं व्हय? माफी मागताना करत्यात. आपल्या मानसानं मारलं त्याला. मागं रडायला कुनी उरलं न्हाई, म्हनून निवद आपला. सासूबाईंनी सांगितलं हुतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू कागदांना इचारत हुतास. मला कुटं इचारलंस?"

मास्तर खजील झाले. इतकी वर्षं टोपी काढली, पण का काढतो हे एकदाही मनात आलं नव्हतं. घरी येऊन त्यांनी फोटोखाली लिहिलं: 'हा वीर आमचा नव्हे. घोड्यावरचा बहुधा आमचा. नाव दोघांचंही माहीत नाही.'

रविराजने ते वाचलं आणि डोकं खाजवलं. "काका, भावकीत हसं होईल. खालचा माणूस फोटोतून कापून टाकू. नुसता घोडेस्वार ठेवू. कुणाला कळतंय?"

मास्तरांनी त्याच्या हातून मोबाईल काढून घेतला.

"एकदा मारलाय आपण त्याला, रवी. पुन्हा नको."