तिच्या नावाचा फोल्डर

आमच्या शहराच्या गोहलपूर भागातल्या एका संगणक दुरुस्तीवाल्याबद्दल मी बरीच वर्षं एक गोष्ट सांगत आलो. त्यानं आमच्या संगणकात सिस्टिम नव्यानं टाकली आणि टाकताना माझ्या बायकोचं सगळं लिखाण उडवलं, ही ती गोष्ट. आमच्या कांचघर मोहल्ल्यातल्या शेजाऱ्यांना सांगितली, इथल्या मराठी मंडळात सांगितली, मुलाला फोनवर सांगितली. ती खोटी आहे. लिखाण मी उडवलं.

तो संगणक मुलानं बंगलोरला जाण्याआधी बसवून दिला होता. त्यात आम्हा दोघांची वेगळी खाती करून दिली होती, प्रत्येकाला आपापला पासवर्ड. मी माझ्या खात्यात पेन्शनची पत्रं ठेवायचो आणि पत्ते खेळायचो. ती तिच्या खात्यात लिहायची. लग्नाआधी ती हिंदी टायपिंग शिकली होती, काही काळ एका सरकारी कचेरीत टायपिस्टही होती. बोटं त्याच कळांना सरावलेली, म्हणून संगणकावरही तिनं हिंदी टायपिंगचा जुना फॉन्ट टाकून घेतला होता आणि त्यात ती मराठी लिहायची. कळांकडे न बघता, खिडकीबाहेर बघत. काय लिहितेस, असं मी एकदाच विचारलं असेन. "नातीसाठी लिहून राहिली," एवढंच म्हणाली. नातीला मराठी समजते, पण तोंडात हिंदीच येते. मी पुढे काही विचारलं नाही.

मग संगणक फारच रखडायला लागला. ती भाचीच्या लग्नासाठी वर्ध्याला गेलेली असताना मी त्या दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. चाळिशीचा माणूस, तिला दीदी म्हणायचा आणि तिच्या हातचा चहा घेतल्याशिवाय जायचा नाही. त्या दिवशी चहा मी केला, तो त्यानं अर्धाच प्यायला. सिस्टिम टाकून झाल्यावर त्यानं मला समजावलं की जुनं सगळं एका फोल्डरमध्ये तसंच ठेवलं आहे, आत दोघांच्या नावांचे फोल्डर आहेत, हवं ते काढून घ्या आणि मगच बाकीचं हटवा. दीदींचा फॉन्ट टाकायचा राहिला आहे, त्या आल्या की येऊन टाकतो, असंही म्हणाला. मी पेपरातून मान वर न काढता "अच्छा, अच्छा" म्हणत राहिलो.

नोकरीत असताना मी एका संरक्षण कारखान्याच्या स्टोअरमध्ये होतो. निकामी माल भंगारात काढायचं काम माझ्याकडे असायचं. नियम असा की वस्तू कितीही गंजलेली असो, ज्या विभागाची आहे त्या विभागाला विचारल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. मी तो कधी मोडला नाही. त्यावरून साहेबसुद्धा माझी थट्टा करायचे, की हा माणूस खिळा फेकायलाही सही मागतो. घरात मात्र मोडला.

जुना फोल्डर डिस्कवर पसरून बसला होता आणि जागा दाखवणारी पट्टी लाल झाली होती. ती लाल पट्टी मला सहन होईना. माझ्या फोल्डरातून पेन्शनची पत्रं काढून घेतली. मग तिच्या नावाचा फोल्डर उघडायला गेलो, तर संगणकानं अडवलं. हा फोल्डर बघायची तुम्हाला परवानगी नाही, असं त्यानं सांगितलं. तरीही पुढे जायचं असेल तर दाबा, म्हणून खाली एक बटण होतं. ते मी दाबलं. आत पुष्कळ फायली होत्या, त्यांना नावं नव्हती, नुसते आकडे. एक उघडली. पानभर इंग्रजी अक्षरं, अर्धविराम, कंस, टिंबं, आणि अर्थ लागेल असा एकही शब्द नाही. दुसरीही तशीच.

फॉन्ट नसला की ते लिखाण असंच दिसतं, हे मला ठाऊक नव्हतं. पण तो फॉन्टबद्दल काहीतरी म्हणाला होता, हे मला तेव्हाही आठवलं होतं. आठवलं आणि मी ते बाजूला सारलं. व्हायरसनं खराब झालं असणार, असं स्वतःला सांगितलं. वर्ध्याला एक फोन लावणं काही अवघड नव्हतं. मी तो आख्खा जुना फोल्डर निवडला. हा कचऱ्याच्या डब्यात मावणार नाही, कायमचा हटवू का, असं संगणकानं पुन्हा एकदा विचारलं. मी हो म्हटलं. पट्टी निळी झाली आणि मला फार बरं वाटलं.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी ती संगणकासमोर बसली. थोड्या वेळानं आतून तिचा आवाज आला, "अहो, माझं काहीच दिसून नाही राहिलं. काहून?"

मी दारात जाऊन उभा राहिलो. काय झालं ते मला तेव्हा कळलं, आणि कळता कळताच तोंडून निघालं, "त्यानंच उडवलं असेल. लक्ष कुठे असतं या लोकांचं."

 दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच ऑटोनं गोहलपूरला, त्याच्या दुकानात गेली. ती येईपर्यंत मी फाटकाशी फेऱ्या मारत होतो. आली, चपला काढल्या, पाय धुतले. तो काय म्हणाला, मी विचारलं.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "गेलं ते गेलं. त्याला कोणी काही बोलू नका."

मला वाटलं, तिचा स्वभावच तसा. मी सुटलो. मग ती गोष्ट मी जिथे तिथे सांगू लागलो, आणि दर वेळी तिच्यात थोडी भर पडत गेली. मंडळातल्या लोकांनी त्याच्याकडे आपले संगणक देणं बंद केलं. मी सांगायला लागलो की ती चहा ठेवायला उठून जायची. तो पुन्हा आमच्याकडे आला नाही. तिनं पुन्हा काही लिहिलं नाही.

गेल्या वर्षी ती गेली. नात आता नोकरीला आहे, संगणकाच्याच कामात. तिनं फोन केला, "आबा, वो दुकान कहाँ है? पुरानी डिस्क से उड़ा हुआ भी कभी-कभी निकल आता है. मी येते, आपण विचारू." मी घाबरलो. नात तिथे जायच्या आत आपण जाऊन यावं म्हणून गेलो. त्यात प्रामाणिकपणा काही नव्हता.

दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. त्याचे केस पांढरे झाले होते. त्यानं मला ओळखलं, पण बसा म्हणाला नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

"बाबूजी, दीदी को तो उसी दिन पता चल गया था," तो म्हणाला.

त्यानं तिला सांगितलं होतं की त्यानं दोघांचेही फोल्डर जपून ठेवले होते. संगणक लगेच बंद करून दुकानात आणा, त्या जागेवर नवं काही भरलं नसेल तर बहुतेक निघेल, असंही सांगितलं होतं. ती त्याच्या स्टुलावर बराच वेळ विचार करत बसली होती, आणि मग नको म्हणाली होती.

"बोलीं, मशीन उठाऊँगी तो वो समझ जाएँगे कि मुझे पता है. रिटायर आदमी हैं, दिन भर घर में रहते हैं. मुझसे मुँह छिपाते फिरेंगे, वो मुझसे देखा नहीं जाएगा."

मी त्याची माफी मागितली. तो हातातला मोबाइल पुसत राहिला. "आपके मंडल वाले फिर कोई आए नहीं," एवढंच म्हणाला.

परत येताना एकच गोष्ट डोक्यात होती. त्या दिवसानंतर मी रोज त्या डिस्कवर काही ना काही भरत होतो. फोटो, भजनं, पत्त्यांचे नवे खेळ. तिच्या पानांच्या जागेवर. ती शेजारच्या खोलीतून ते बघत होती.

मंडळाच्या बैठकीत मी उभा राहून खरं काय ते सांगितलं. त्याच दिवशी नातीलाही फोन केला. ती ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं, "आजीने लिखा क्या था, आबा?"

मला माहीत नाही. ती लिहायची तेव्हा मी त्याच खोलीत, पलंगावर पेपर घेऊन पडलेला असायचो. बराच वेळ कळा भराभर वाजायच्या, मग थांबायच्या, ती खिडकीबाहेर बघायची, कधी स्वतःशीच हसायची, आणि पुन्हा वाजायला लागायच्या. तेवढंच मी नातीला सांगितलं.